जिथे कुत्रा बसत नाही

विहिरीला सुरुंग लावणारा माणूस वात पेटवण्याआधी मोठ्यानं आरोळी देतो. रानात गुरं राखणारी पोरं, बांधावरच्या बाया, वाटेनं जाणारा सायकलवाला, सगळ्यांनी लांब व्हावं म्हणून. आपल्याकडे 'सुरुंग' हा शब्द असा आरोळीसकट माहीत झालेला आहे. खडक फुटतो, धूळ बसते, माणसं परत खाली उतरतात आणि नशीब असेल तर पाणी लागतं. युद्धात पुरलेला सुरुंग आरोळी देत नाही. तो पुरणारा सैनिक दुसरीकडे जातो, मरतो किंवा म्हातारा होऊन नातवंडं खेळवतो. लढाई मिटते, तह होतात, नकाशे हरवतात. सुरुंग मात्र चार बोटं मातीखाली तसाच असतो, आणि त्याला तह झाल्याचं कुणी कळवलेलं नसतं.

'लँडमाइन मॉनिटर' या वार्षिक अहवालातल्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात सुरुंगांनी आणि युद्धातून मागं उरलेल्या स्फोटकांनी ५,७५७ माणसांना मारलं किंवा जखमी केलं. त्यांतली ८४ टक्के माणसं साधी नागरिक होती. पाण्याला, सरपणाला, गुरांमागं गेलेली. मुलांचं प्रमाणही मोठं आहे, कारण मूल वाट सोडून पळतं.

हे आकडे दिसतात तरी. न दिसणारं नुकसान जमिनीचं आहे. समजा, गावाबाहेरच्या वीस एकरांच्या पट्ट्यात एका शेळीचा पाय उडाला. त्या दिवसापासून ते वीस एकर पडीक. त्यात आणखी दोन सुरुंग असतील, दोनशे असतील किंवा एकही नसेल. शेतकऱ्याला तिन्ही सारखंच, कारण त्याला नांगर धरायचा आहे आणि धरवत नाही. जगभर 'संशयित' म्हणून खुणा केलेल्या जमिनींतल्या कितीतरी भागात प्रत्यक्षात सुरुंग नसतोच, असतं ते फक्त भय. म्हणून सुरुंग काढणाऱ्यांसमोरचा खरा प्रश्न 'सुरुंग कुठे आहे' एवढाच नसतो. 'कुठे नाही' हे कुणीतरी छातीठोकपणे सांगावं लागतं. या प्रकरणातला कुत्रा त्यासाठी आहे. वास लागला की तो खाली बसतो, एवढं त्याच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते त्याचं मोठं काम तो जिथे बसत नाही तिथे होतं.

मेटल डिटेक्टर हे काम का करू शकत नाही, हे कंबोडियाच्या अनुभवावरून समजतं. तिथे मार्च १९९२ ते ऑक्टोबर १९९८ या काळात सुरुंग काढणाऱ्यांनी जमिनीतून सुमारे २० कोटी वस्तू उकरून काढल्या. त्यांतल्या जेमतेम ५ लाख सुरुंग किंवा इतर स्फोटकं निघाल्या. बाकी सगळे खिळे, तारा, डब्यांची झाकणं, गोळ्यांची टरफलं, बॉम्बचे कपचे. प्रत्येक वेळी यंत्र किणकिणलं की माणसानं पोटावर पडून, सळईनं तिरप्या कोनातून माती टोचत, हा सुरुंगच आहे असं धरून चालायचं. शंभरातल्या नव्व्याण्णवाहून जास्त वेळा हाताला भंगार लागायचं. शिवाय सुरुंग बनवणारेही शहाणे झाले. चिनी बनावटीच्या टाइप ७२ या सुरुंगात जवळपास सगळं प्लास्टिक असतं, धातू नावापुरता. यंत्र भंगारावर ओरडतं आणि अशा सुरुंगावर गप्प राहू शकतं. म्हणजे त्याच्या ओरडण्यावर विसंबता येत नाही आणि गप्प राहण्यावरही.

कुत्र्याला धातूशी देणंघेणं नसतं. त्याला आतल्या दारूचा वास येतो.

नाकाला काय लागतं

पुष्कळ सुरुंगांत टीएनटी हे स्फोटक असतं. सोव्हिएत बनावटीच्या पीएमएन या काळ्या रबरी टोपीच्या सुरुंगात ते २४० ग्रॅम असतं. आता गंमत अशी की टीएनटी हवेत फारच थोडं उडतं. पण कारखान्यात ते तयार होताना त्यात डीएनटी नावाचा एक भाऊबंद अशुद्धी म्हणून राहून जातो. प्रमाण थोडं, पण उडण्याचा गुण कितीतरी जास्त. प्लास्टिकच्या आवरणातून, रबराच्या कडेतून हे रेणू वर्षानुवर्षं झिरपत राहतात, मातीत शिरतात, मातीतल्या पाण्याबरोबर वर-खाली-बाजूला सरकतात आणि शेवटी त्यांतले काही पृष्ठभागावर येतात. कुत्रा बहुतेक वेळा सुरुंगाचा म्हणून जो वास ओळखतो, त्यात मोठा वाटा या अशुद्धीचा असतो.

माणसाच्या नाकात वासाच्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. आपण श्वासाबरोबरच हुंगतो. कुत्रा हुंगायला लागला की सेकंदाला पाचेक वेळा हवा ओढतो, आणि बाहेर सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून मागे जाते, म्हणजे पुढचा वास उधळला जात नाही. हे नाक एका अटीवर चालतं: तोंड मिटलेलं हवं. कुत्रा उन्हानं धापा टाकायला लागला की हवा तोंडातून जाते आणि हुंगणं मंदावतं. म्हणूनच गरम देशांत ही पथकं पहाटे काम सुरू करतात आणि ऊन चढायच्या आत आवरतात. काम लवकर थांबवणारा हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा माणूस, आळशी वाटेल, पण दुपारी दोन वाजता धापा टाकत हिंडणारा कुत्रा कुठे बसला नाही, याला काडीची किंमत नसते.

मातीचंही असंच आहे. अगदी कोरडी माती हे रेणू घट्ट धरून ठेवते; ओल आली की पाणी त्यांची जागा घेतं आणि ते मोकळे होतात. पहाटेचं दव म्हणून कामाचं. मुसळधार पाऊस मात्र नको, वारा जोराचा नको, गवत कमरेएवढं नको. आणि वास नेमका सुरुंगाच्या डोक्यावरच येईल असंही नाही. उतारावर तो पाण्याबरोबर खाली सरकतो. कुत्रा बसला म्हणजे त्याच्या नाकाखालीच सुरुंग, असं कुणी अनुभवी माणूस मानत नाही. त्या जागेभोवतालचा चांगला ऐसपैस तुकडा हातानं तपासला जातो.

दाट पेरलेल्या, ओळीनं लावलेल्या सुरुंगपट्ट्यात कुत्र्याला उतरवत नाहीत. तिथे वासाचे इतके ढग एकमेकांत मिसळलेले असतात की त्याला काही वेगळं काढता येत नाही. जिथे गवतातून पायाला अडकणाऱ्या तारा ताणलेल्या असण्याची शक्यता आहे, तिथेही नाही. कुत्र्याची जागा विरळ, संशयाच्या, 'असेल का नसेल' अशा जमिनीत. म्हणजे शेतकऱ्याच्या त्या वीस एकरांत.

चेंडूचं वेड

बोस्नियात सारायेव्होजवळ व्होगोश्चा नावाचं गाव आहे. नॉर्वेजियन पीपल्स एड या संस्थेनं २००४ मध्ये तिथे सुरुंगशोधक कुत्र्यांचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. जागा नेमकी आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात आघाड्या पुढेमागे सरकत राहिल्या, सगळ्या बाजूंनी सुरुंग पुरले, आणि कित्येक ठिकाणी काहीच लिहून ठेवलं नाही. २०१४ च्या मे महिन्यात पूर आला, डोंगर घसरले, आणि सुरुंगांबरोबर धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. त्याच देशात कोन्यित्स इथेही असं एक केंद्र आहे. ज्या मातीनं दुःख भोगलं तिथेच शिकलेले कुत्रे आज दुसऱ्या देशांत काम करतात.

कुत्रा निवडताना त्याचा रुबाब बघत नाहीत. जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा, लॅब्राडॉर या जाती जास्त चालतात, पण जातीपेक्षा बघायचं असतं ते वेड. चेंडू उंच गवतात फेकायचा आणि घड्याळ लावायचं. दोन मिनिटं शोधून फुलपाखरामागं लागणारं पिल्लू घरी पाळायला उत्तम. दहा मिनिटांनीही नाक जमिनीला लावून, त्याच दोन हात जागेत घिरट्या घालणारं पिल्लू हवं. पुढचं सगळं शिक्षण त्या वेडावर उभं असतं.

मग चेंडूचं नातं वासाशी जोडतात. डब्यात स्फोटकाचा कण. हुंगलं, की चेंडू. हुंगून बसलं, की चेंडू. थोड्याच दिवसांत कुत्र्याच्या मनात समीकरण पक्कं होतं: हा वास सापडला, खाली बसलो, की खेळ. बसायचंच का? कारण उकरणं किंवा भुंकत नाचणं जिवावर बेतेल. गप्प बसणं ही या धंद्यातली सर्वांत सुरक्षित खूण.

इथपर्यंत सोपं आहे. चुका इथून पुढे होतात, आणि त्या बहुतेक माणसाच्या असतात. सरावासाठी आज पुरलेला सुरुंग उद्या कुत्र्याला शोधायला लावला, तर तो काय शिकतो? ताज्या उकरलेल्या मातीचा वास. किंवा पुरणाऱ्याच्या हातमोज्याचा. किंवा त्याच्या बुटांचा माग. कुत्रा हुशारच असतो, त्याला सगळ्यांत सोपा रस्ता सापडतो, आणि शिक्षकाला वाटतं की सुरुंग शोधायला आला. म्हणून सरावाच्या मैदानातले सुरुंग काही महिने आधी पुरून ठेवतात, म्हणजे वास मातीत मुरतो आणि वर गवत उगवतं. शेजारी रिकामे खड्डे खणून बुजवतात. माणसं मुद्दाम सगळीकडे चालून ठेवतात. रबराचे तुकडे, प्लास्टिकचे डबे, भंगार पुरतात, आणि यांतल्या कशावरही कुत्रा बसला तर चेंडू मिळत नाही.

स्फोटकही एकच नसतं. श्रीलंकेच्या उत्तर भागात पाकिस्तानी बनावटीचे पी-४ नावाचे छोटे सुरुंग सापडतात. त्यांत टेट्रिल असतं, टीएनटी नव्हे. तमिळ वाघांनी लाकडी पेटीत बनवलेले 'जॉनी' सुरुंग आणखी वेगळे. ज्या देशात काम करायचं तिथल्या मातीत, तिथल्या सुरुंगांवर कुत्र्याला पुन्हा शिकवावं लागतं. (सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातल्या युद्धविरामानंतर आपल्या सैन्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी 'होरायझन' आणि 'सर्वत्र' या संस्थांमार्फत श्रीलंकेत सुरुंग काढण्याचं काम केलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.)

सर्वांत अवघड धडा शेवटचा: काही न सापडण्याचा. खऱ्या जमिनीत कुत्रा दिवसेंदिवस हिंडतो आणि वास येतच नाही. मग एकतर तो कंटाळतो आणि नुसता चालत सुटतो, नाहीतर चेंडूच्या आशेनं उगाच बसायला लागतो. दोन्ही घातक. यावर हँडलर एक युक्ती करतात. कामाच्या आधी किंवा नंतर, सुरक्षित जागेत बऱ्याच आधी पुरून ठेवलेला ओळखीचा एक डबा शोधायला लावायचा. दिवस रिकामा गेला तरी कुत्र्याला एकदा खरं सापडू द्यायचं, खरं बसू द्यायचं, खरा चेंडू द्यायचा. कुत्र्याशी खोटं बोलून हे काम होत नाही.

आणि स्वतःशीही खोटं बोलून होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा; खूर आपटून उत्तर सांगायचा. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा गणित करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी हालचाल वाचत होता. कुत्रा तर माणूस वाचण्यात घोड्याच्या चार पावलं पुढे. हँडलरला पुरलेली जागा ठाऊक असेल, तर तिथे आल्यावर त्याचा श्वास अडतो, दोरी जरा सैल होते, आणि कुत्रा बसतो. म्हणून परीक्षेच्या मैदानात काय कुठे पुरलं आहे हे हँडलरपासून लपवलेलं असतं. परीक्षा जोडीची होते. जोडी बदलली तर परीक्षा पुन्हा. एकही सुरुंग सुटला तर नापास, मग आधी कितीही सापडलेले असोत.

भीतीची शाळा

हे सगळं खेळावर उभं आहे, ही समज महागात पडून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं कुत्र्यांना सुरुंग शोधायला शिकवलं ते झटके देऊन. जमिनीत विजेच्या उघड्या तारा पुरायच्या, कुत्र्याला शॉक बसू द्यायचा, म्हणजे उकरलेली जमीन दिसली की तो थबकेल. सरावात हे बरं दिसलं. इटलीत प्रत्यक्ष आघाडीजवळ घेतलेल्या चाचण्यांत मात्र कुत्र्यांनी इतके सुरुंग चुकवले की तो प्रयोग गुंडाळावा लागला. यात नवल नाही. भ्यालेला प्राणी सुरुंग शोधत नाही, शिक्षा टाळायला शोधतो. तोफांचे आवाज, जागोजाग उखडलेली माती, अनोळखी माणसं, यांत त्याला सगळीकडेच तार पुरलेली वाटणार.

त्याच युद्धात दुसरी उदाहरणंही आहेत. सोव्हिएत सैन्यातल्या झुलबार्स नावाच्या कुत्र्याच्या नावावर सप्टेंबर १९४४ ते ऑगस्ट १९४५ या काळात ७,००० हून अधिक सुरुंग शोधल्याची नोंद सांगितली जाते. आणि रिकी. हा वेल्श जातीचा मेंढपाळी कुत्रा, मूळचा एका इंग्रज घरातला. ब्रिटनमध्ये तेव्हा लोकांनी आपले पाळीव कुत्रे सैन्याला काही काळासाठी दिले होते. ३ डिसेंबर १९४४ रोजी हॉलंडमध्ये नेडरवेर्ट इथे कालव्याच्या काठावर रिकी काम करत असताना एक सुरुंग फुटला. त्याच्या डोक्याला जखम झाली. तो बिथरला असता, इकडेतिकडे पळाला असता, तर आजूबाजूच्या सगळ्या तुकडीचा जीव धोक्यात आला असता. तो शांत राहिला आणि काम करत राहिला. त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं.

मला या गोष्टीत रिकीइतकंच त्याचं घर महत्त्वाचं वाटतं. अंगणातला कुत्रा परमुलखातल्या सैनिकांसाठी पाठवून देणारं कुटुंब. सुरुंगशोधक कुत्र्यांना आज जे प्रायोजक मिळतात त्यांचं मूळ मला त्या अंगणात दिसतं.

पैसे कोण देतं, कशाचे देतं

जॉर्ज मार्शल यांच्या नावानं अमेरिकेत १९९७ मध्ये मार्शल लेगसी इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. हे तेच मार्शल, ज्यांच्या नावाच्या योजनेनं महायुद्धानंतरचा युरोप पुन्हा उभा राहिला. सुरुंगग्रस्त देशांना शिकवलेले कुत्रे देणं हा या संस्थेच्या कामाचा मोठा भाग. त्यांनी शाळकरी मुलांसाठीही एक उपक्रम काढला. अमेरिकेतल्या मुलांनी नाणी जमवायची, शाळेत कार्यक्रम करायचे आणि सगळ्यांच्या पैशातून एक कुत्रा उभा करायचा. एका कुत्र्याचा खरेदीचा आणि शिक्षणाचा खर्च साधारण २०,००० डॉलर सांगितला जाई. तो कुत्रा मग अफगाणिस्तान, अंगोला, बोस्निया, श्रीलंका, इराक, कोलंबिया अशा कुठल्यातरी देशात जायचा. काही शाळांना तिकडच्या सुरुंगग्रस्त गावातल्या शाळेशी बोलताही येई. नकाशावर ठिपका म्हणून पाहिलेल्या देशात आपल्या नाण्यांचं नाक काम करतंय, हे दहा वर्षांच्या मुलाला कळणं ही मोठी गोष्ट आहे.

एक सुरुंग बनवायला ३ ते ३० डॉलर लागतात आणि काढायला ३०० ते १,००० डॉलर, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या हवाल्यानं वर्षानुवर्षं दिला जातो. पेरणाऱ्याला स्वस्त, वेचणाऱ्याला महाग. अशा व्यवहारात बाहेरच्या मदतीशिवाय काही हलत नाही.

पण कुत्रा 'दत्तक' घेणाऱ्यांना मला एक सांगावंसं वाटतं. फोटो, नाव आणि गळ्यातला पट्टा यांवर देणगी गोळा होते. काम पुढं चालतं ते कंटाळवाण्या खर्चांवर. रोजचं खाणं. गोचीड आणि तापाची औषधं. उष्ण देशात सावलीचे पिंजरे. ने-आण करायची गाडी. हँडलरचा पगार, वेळेवर. सरावाचं मैदान आणि ते राखणारा माणूस. फेरपरीक्षा. कुत्रा म्हातारा झाल्यावर त्याला ठेवायची जागा. कुत्रा पाठवला आणि या बाबींना पैसे नाहीत, तर वर्षभरात त्या नाकावर कुणी भरवसा ठेवू शकणार नाही, आणि भरवसा नसलेला कुत्रा नसलेल्या कुत्र्यापेक्षा धोक्याचा.

देणगी देणारे विचारतात, 'आमच्या कुत्र्यानं किती सुरुंग शोधले?' साहजिक आहे, आकडा सांगायला सोपा. पण एखाद्या कुत्र्याला वर्षात तीनच सुरुंग सापडले आणि त्याच्या जोरावर शेकडो शेतकऱ्यांना जमीन परत मिळाली, हे होऊ शकतं. विचारायचंच असेल तर असं विचारावं: किती जमीन परत गेली? त्याची शेवटची परीक्षा कधी झाली? ती घेतली कोणी?

अफगाणिस्तानातलं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. सोव्हिएत सैन्य परत गेलं त्याच वर्षी, १९८९ मध्ये, अमेरिकी मदतीनं, थायलंडहून आणलेल्या मोजक्या कुत्र्यांनिशी तिथे सुरुंगशोधक श्वानकेंद्र सुरू झालं. ज्या समाजात कुत्रा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तिथल्याच माणसांनी कुत्र्यांना हातानं भरवलं, त्यांची पैदास केली, त्यांना शिकवलं. राजवटी बदलत गेल्या, काम चालू राहिलं. बाहेरून आलेल्या पैशानं कुत्रे आणले, पण घडवली ती स्थानिक माणसांची एक पिढी. प्रायोजकाच्या पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता उंदीरही आले आहेत. बेल्जियमच्या बार्ट वेटयेन्स यांनी सुरू केलेली 'अपोपो' ही संस्था टांझानियातल्या मोरोगोरो इथे आफ्रिकी थैलीवाल्या मोठ्या उंदरांना शिकवते. मगावा नावाच्या उंदरानं कंबोडियात १०० हून अधिक सुरुंग आणि इतर स्फोटकं शोधली, आणि २०२० मध्ये त्याला प्राण्यांसाठीचं सुवर्णपदक मिळालं. उंदीर हलका, त्याच्या वजनानं सुरुंग उडत नाही, आणि केळ्याच्या तुकड्यावर खूश. या संस्थेतही लोक उंदीर दत्तक घेतात. कुत्रा विरुद्ध उंदीर असा वाद मला निरर्थक वाटतो. जमीन जशी तसं नाक.

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९९३ च्या मार्चमध्ये मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली, तेव्हा मुंबई पोलिसांकडे जंजीर नावाचा लॅब्राडॉर होता. पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला होता. वय सव्वा वर्षाच्या आसपास. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं शोधण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. २००० साली हाडांच्या कर्करोगानं तो गेला. सगळे सांगतात ते त्यानं काय शोधलं याबद्दल. त्या दिवसांत मुंबईत ठिकठिकाणी बेवारस पिशव्या, स्कूटर, खोकी दिसत आणि गर्दी जागच्या जागी थिजे. त्यांतल्या अनेकांना जंजीरसारख्या कुत्र्यानं हुंगलं असेल आणि तो पुढे गेला असेल. त्यानंतर तो रस्ता पुन्हा वाहता झाला असेल. त्याची नोंद कुठे ठेवत नाहीत.

गडचिरोलीत 'भूसुरुंग' हा शब्द बातम्यांत वर्षानुवर्षं येत राहिला. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ रस्त्याखालच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. हे सुरुंग वेगळे. कुणीतरी झाडीत लपून, गाडी दिसल्यावर ते उडवतो. इथे चौकोन आखून सावकाश शोधायला वेळ नसतो. कुत्रा आणि जवान तुकडीच्या पुढे चालतात, मोऱ्या आणि पूल हुंगत, डोळा झाडीवर ठेवून. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अशा कुत्र्यांची पैदास आणि शिक्षण बंगळुरूजवळ तरळू इथे होतं, सैन्याच्या कुत्र्यांचं मेरठला. मानवतेसाठीच्या सुरुंगशोधात निदान शत्रू घरी गेलेला असतो. गडचिरोलीच्या रस्त्यावर तो बघत असतो. त्या कामाचं मोल या प्रकरणाच्या मापात मावणारं नाही.

चौकोन

शेवटी प्रत्यक्ष काम कसं दिसतं ते सांगतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन. कडेनं खुंट्या आणि फीत. चौकोनाच्या एका बाजूची अरुंद पट्टी आधीच हातानं साफ केलेली. हँडलर फक्त तिच्यावर उभा राहतो. कुत्र्याच्या पट्ट्याला लांब दोरी. खूण होताच कुत्रा सरळ रेषेत पुढे जातो, नाक जमिनीला जवळजवळ टेकलेलं. टोकाला पोचला की परत. हँडलर हातभर बाजूला सरकतो. पुन्हा सरळ, पुन्हा परत. दोरी गुंडाळण्या-सोडण्याचा आवाज आणि कुत्र्याचं हुंगणं, एवढंच ऐकू येतं. बघायला गेलेल्या माणसाला अर्ध्या तासात कंटाळा येईल.

पहिला कुत्रा कुठे बसला नाही, म्हणून चौकोन साफ होत नाही. त्याला गाडीत नेतात आणि दुसरा कुत्रा आणतात. त्याला पहिल्याचं काहीच ठाऊक नसतं. तोही सरळ जातो, परत येतो. तोही कुठे बसत नाही. मग फीत उचलायची, खुंट्या उपटायच्या आणि दहा मीटर पुढे ठोकायच्या. असे चौकोन जोडत जोडत एक शेत होतं. जमीन गावाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी सुरुंग काढणारी माणसं स्वतः त्यावरून चालून दाखवतात, कुठे कुठे तर फुटबॉल खेळून दाखवतात, कारण कागदावरच्या सहीपेक्षा गावकऱ्यांचा त्यांच्या पावलांवर विश्वास बसतो.

ऊन चढलं की त्या दिवसाचं काम संपतं. दोन्ही कुत्र्यांना आज काही मिळालेलं नाही. हँडलर त्यांना शेताबाहेर, गाडीच्या पलीकडे घेऊन जातो, जिथे बरेच दिवस आधी एक डबा पुरून ठेवला आहे. एकेकाची दोरी सोडतो. कुत्रा हुंगतो, थबकतो, शेपूट ताठ होते, आणि तो खाली बसतो. हँडलरच्या खिशातून चेंडू बाहेर येतो.